अंगणात राहिलेली स्टेपनी

मे महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी, दुपारी, पेरमिली आणि ताडगाव यांच्या मधल्या रस्त्यावर माझा नवरा वारला. त्याला ऊन लागलं. तो चाक ढकलत चालला होता. गाडीची स्टेपनी चंद्रपूरला आमच्या अंगणात होती. ती अंगणात ठेवायला मी सांगितलं होतं.

एवढी पाच वाक्यं लिहायला मला चार वर्षं लागली.

आज पुन्हा मे महिना आहे. सकाळी बाजारात गेले तर पानांच्या द्रोणात टेंभरं आणि चारं, ही रानफळं, मांडून बायका बसल्या होत्या. टेंभराचा तो गोड, किंचित आंबूस वास नाकात शिरला आणि मी भाजी न घेताच परत आले. एस.टी. स्टँडसमोरून येताना अहेरीची गाडी लागलेली दिसली. टपावर रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे होते. पत्ता सुरू झाला असणार.

आमच्या भागात मे महिना पत्त्याचा. तेंदूची पानं तोडायला जंगलातली गावंच्या गावं पहाटे रिकामी होतात. दुपारी बायका सावलीत बसून पानांची पुडकी बांधतात, संध्याकाळी ती फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात त्या मोकळ्या जागेवर, नेऊन देतात. त्याच महिन्यात आणखी एक काम चाललेलं असतं. जून लागला की नाले भरतात, पर्लकोटा नदी फुगते आणि भामरागड जगापासून तुटतं. म्हणून चार महिन्यांचं मीठ, मिरची, तेल, तांदूळ, घासलेट सगळं मे महिन्यात आत पोचवावं लागतं. याला तिकडे ‘चौमासा भरणं’ म्हणतात. मनोहर चौमासा भरायचा.

मनोहर माझा नवरा. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणत असे. लिहिताना नाव लिहिते. ‘अहो’ ही हाक आहे, आणि हाक ऐकणाऱ्याला मारतात.

त्याची गाडी जीपच्या जातीची जुनी पिकअप होती, सरकारी लिलावातून आलेली. मूळचा खाकी रंग हिरव्या रंगाखालून डोकावायचा. मागच्या हौद्यात, केबिनला टेकून, स्टेपनी उभी असायची. चार चाकं रस्त्यावर, पाचवं पाठीशी. मापानं, जाडीनं, नक्षीनं अगदी त्या चारांसारखंच. मी शाळेत मराठी शिकवत असे आणि शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडेच होतं. मला त्या पाचव्या चाकाचा राग यायचा. हौद्यातली एका लोखंडी पेटीची जागा ते खायचं. शिवाय त्याला टेकलेल्या प्रत्येक गोष्टीला काळं लागायचं.

त्या पेट्यांमध्ये माझी पुस्तकं असत. भामरागडच्या आश्रमशाळेत वाचायला काही नव्हतं. मी शाळेतून, ओळखीच्या घरांतून, रद्दीतून गोष्टींची जुनी पुस्तकं जमवायची, फाटलेली पानं खळीनं चिकटवायची, जुन्या कॅलेंडरांची कव्हरं घालायची. मनोहर ती मिठाच्या पोत्यांबरोबर घेऊन जायचा. परत आला की सांगायचा, “मास्तरीनबाई, तुमच्या पुस्तकाले मिठाचा वास येते म्हणतात पोरं. चाखून पायतात.”

तो सातवीपर्यंत शिकलेला. पण मी वाचलेलं त्याला सांगितलेलं आवडायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडलं की मातीतून एक ऊन वाफ वर येई. ती निवली की आम्ही बाज टाकायचो. मी वाचायची आणि तो डोळ्यांवर दुपट्टा घेऊन ऐकायचा. झोपला असं वाटून मी थांबले, की दुपट्ट्याखालून आवाज यायचा, “मंग काय झालं?”

हे ‘मंग काय झालं’ मला अजून ऐकू येतं. हल्ली मी मोठ्यानं वाचत नाही.

त्या रस्त्यावर एक रीत होती. ती कोणी घालून दिलेली नव्हती, पण मोडतही कोणी नव्हतं. आलापल्लीच्या पुढे कोणाचं चाक फुटलं आणि त्याच्याकडे दुसरं नसलं, तर त्याच मापाच्या गाडीवाल्यानं आपली स्टेपनी काढून द्यायची. ओळख असो-नसो. घेणाऱ्यानं काम झालं की ती आलापल्लीला बायजाबाईच्या चहाच्या टपरीवर आणून ठेवायची. आणि देणाऱ्यानं स्टेपनीवाचून पुढे जायचं नाही. बायजाबाईकडे बसून वाट पाहायची. बायजाबाई म्हणायची, “बसा आता. चाक दिल्यावर मानूस माह्या ताब्यात.” ती त्यांना चहा द्यायची, भात द्यायची, आणि वर टोमणेही द्यायची.

मनोहरची स्टेपनी सगळ्यांत जास्त फिरायची. “चाक जागीच रायलं त सडते,” म्हणायचा. “फिरलं त टिकते.”

माझ्या मनात त्या रीतीबद्दल अढी होती, आणि तिला कारण होतं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मी दवाखान्यात होते. सहा वर्षांनी आम्हाला मूल होणार होतं; ते पाचव्या महिन्यात गेलं. शेजारच्या बाईनं आलापल्लीला निरोप पाठवला, पण मनोहर आला तो दीड दिवसानं. त्यानं कोणाला तरी स्टेपनी दिली होती आणि तो बायजाबाईकडे वाट पाहत बसला होता. निरोप टपरीवर पोचला तेव्हा गाडी उभी होती, पण पाचवं चाक नव्हतं. तो तसाच निघाला, आणि आष्टीच्या अलीकडे चाक फुटून पुन्हा अडकला. दवाखान्यात आला तेव्हा त्याच्या कोपरांपर्यंत वंगण होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तो खाटेच्या पायथ्याशी बसला. हात काळे म्हणून त्यानं मला हात लावला नाही. मीही लाव म्हटलं नाही.

त्या गोष्टीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण ती स्टेपनी दिसली की मला तो दीड दिवस दिसायचा.

पुढच्या वर्षी, मार्च महिन्यात, शाळेच्या रद्दीत मोटारींविषयीचं एक इंग्रजी मासिक आलं. त्यात लेख होता. परदेशात आता नव्या गाड्यांना जादा चाक लहान देतात. बारीक, हलकं, निम्म्या वजनाचं. सामानाला जागा मोकळी राहते. ते कायम चालवायचं नसतं, फक्त पुढच्या गॅरेजपर्यंत जायचं असतं. सोबत चित्र होतं: एक बाई हसत एका हातानं चाक उचलते आहे. मी तो लेख अंगणात बसून मनोहरला मराठीत करून सांगितला.

तो बराच वेळ हसला. “तिकडचा गॅरेजवाला कोसाकोसावर असंन. माह्या गॅरेजवाला आलापल्लीले बसते, अन् तोई दुपारी झोपते.”

“पण हलकं आहे. तुमची पाठ दुखते,” मी म्हटलं.

“मोटारीचं लिवलं हाये त्यात. पिकअपचं काय लिवलं?”

पिकअपचं पुढे असेल, मी म्हटलं. लेखाखाली ‘उर्वरित भाग पुढील अंकी’ अशा अर्थाची ओळ होती. पुढचा अंक रद्दीत आला नव्हता. तो मी शोधला नाही. आजही शोधलेला नाही.

मला वाद घालता येत नाही. मी लिहून काढते. शंभर पानी वहीच्या एका पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘मोठी’, उजवीकडे ‘लहान’. मोठीखाली लिहिलं: वजन फार. जागा अडवते. पुस्तकांना काळं लागतं. उचलताना पाठ भरते. लहानीखाली लिहिलं: वजन निम्मं. सीटमागे मावते. एक पेटी जास्त बसते. पुढच्या गॅरेजपर्यंत पुरते. खाली दोन रेघा मारल्या, गणिताचं उत्तर आल्यावर मारतात तशा, आणि वही त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. तो सावकाश, अक्षर जोडून जोडून लिहायचा. डाव्या बाजूला, माझ्या चार ओळींच्या खाली, त्यानं एक ओळ लिहिली: ‘दुसऱ्याले देता येते.’

मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. म्हटलं, “हा गुण नाही. हाच तर दोष आहे.”

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यानं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुस्तकांची जागा हे मी लिहिलेलं कारण होतं. न लिहिलेलं कारण त्यानं त्या क्षणी वाचलं असावं. पेन्सिल कानावर ठेवत तो एवढंच म्हणाला, “बरं, मास्तरीनबाई. तुमचं खरं.”

आठवडाभरात त्यानं भंगारातून एका लहान मोटारीचं चाक आणलं. बल्लारपूर रोडवरच्या एका लेथवाल्याकडून भोकं पाडून घेतली, म्हणजे ते पिकअपला बसेल. ते सीटमागे अलगद मावलं. मोठी स्टेपनी मोरीजवळ भिंतीला टेकवून ठेवली. तिच्यावर मी धुतलेली पायपुसणी वाळत घालायला लागले.

बाकीचे गाडीवाले त्याला छळायचे. पोचमभाऊ म्हणून सिरोंचाकडचे एक होते, मनोहरच्या गाडीसारखीच पिकअप चालवणारे. एकदा ते आमच्या दारात उभे राहून ओरडले, “मनोहरभाऊ, हे चाक हाये का जिलेबी? गाडीले बसवतो का चहासंगं खातो?”

“घरच्या सरकारचा हुकूम हाये,” मनोहर म्हणाला. “इंग्रजीतून आला.”

मी आतून हसले. ते हसू मला पुष्कळदा आठवतं. काही चुकतंय असं कुठेच वाटत नव्हतं.

त्या शेवटच्या फेरीला तो एकटाच होता. मे महिन्यात क्लीनर मिळत नाही, सगळे पत्त्यावर जातात. सोमवारी सकाळी गाडी भरली. मिठाची पोती खाली, त्यावर मिरची, आणि केबिनला टेकून, जिथे मोठी स्टेपनी असायची नेमक्या त्या जागी, पुस्तकांची जास्तीची पेटी. काळं न लागलेली. मी त्याच्या खिशात कांदा ठेवला. उन्हाळ्यात बाहेर निघणाऱ्या माणसाच्या खिशात आमच्याकडे कांदा ठेवतातच. ऊन कांदा घेतो, माणसाला सोडतो, असं म्हणतात. त्यानं पाण्याची कॅन भरली, दुपट्टा बांधला, गाडी सुरू केली आणि खिडकीतून वाकून म्हणाला, “यंदा येळेवर येतो. आता चाक मागाले कोनी येत नाई.”

दवाखान्याबद्दल वर्षभरात त्यानं काढलेला तेवढा एकच शब्द. मी मान हलवली. गाडी वळली. दोन्ही पेट्यांच्या किल्ल्या माझ्या पर्समध्येच राहिल्या आहेत, हे मला दुपारी कळलं.

मंगळवारी काय झालं ते मी पाहिलेलं नाही. सांगणाऱ्यांनी सांगितलं ते असं. पेरमिलीच्या पुढे मागचं चाक एका धारदार दगडावर चिरलं. त्यानं लहान चाक चढवलं. ओझ्यानं गाडी त्या बाजूला कलली. तशीच त्यानं हळूहळू चालवली. आणि पुढच्या नाल्यातल्या गोट्यांवर ते चाक डिस्कसकट मुडपलं. तेव्हा अकरा वाजले असतील. रस्त्यावर कोणी नव्हतं. कॅनमधलं पाणी त्यानं आधीच तापलेल्या रेडिएटरला पाजलं होतं. चिरलेलं मोठं चाक उभं केलं आणि ते ढकलत तो मागे पेरमिलीकडे चालायला लागला.

तो भाग सागाचा आहे. सागाची झाडं मे महिन्यात नागडी असतात. जंगल इतकं दाट की वाट सुचत नाही, आणि सावली मात्र हातभर नाही. हे मला पुस्तकांतून माहीत नव्हतं. पुस्तकांत ‘दाट जंगल’ आणि ‘सावली’ हे शब्द शेजारी शेजारी येतात.

पुडकी घेऊन फळीवर निघालेल्या माडिया बायकांना तो दिसला. रस्त्याच्या कडेला चाकाला पाठ टेकून बसलेला. त्यांनी त्याच्या तोंडाला पाणी लावलं. बांधलेली पुडकी सोडून त्याच्या अंगावर तेंदूची पानं अंथरली, ओली करून. दिवसभराची त्यांची मजुरी होती ती. एकजण दुसऱ्या दिशेनं पळत गेली आणि तिनं पोचमभाऊंची गाडी थांबवली. पण तोवर उशीर झाला होता.

बुधवारी सकाळी पोचमभाऊंनी त्याला घरी आणलं. शर्टाच्या खिशात कांदा होता. वरची सालं वाळून काळी पडली होती, आतून ओला होता. केसांत तेंदूच्या पानाचा एक तुकडा अडकलेला होता. तो मी काढला नाही.

लोक यायचे, बसायचे, म्हणायचे, नशीब. कोणी म्हणायचे, वेळ आली होती. हे शब्द आमच्या घरात चालत नसत. माझे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा मी कडेवरची होते. मी मोठी झाले ती ऐकत, की दैव नाही, नशीब नाही. जे घडतं त्याला कारण असतं, आणि कारण शोधावं. वडिलांना या विचाराचा केवढा आधार वाटायचा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळ्यांबरोबर मी त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, भन्तेजींनी अनित्य सांगितलं तेही ऐकलं. सगळं अनित्य आहे हे मला पटतं. पण मोरीजवळ माझं कारण भिंतीला टेकून उभं होतं. त्यावर पायपुसणं वाळत होतं.

गाडीतलं काहीच हरवलं नाही. पत्ता तोडणाऱ्या लोकांनी तीन दिवस तिच्याजवळ पहारा दिला. पोचमभाऊंनी मीठ, मिरची आणि पुस्तकांच्या पेट्या भामरागडला पोचत्या केल्या आणि नंतर आठ दिवसांत नाले भरले. किल्ल्या माझ्याकडे होत्या. आश्रमशाळेचे गुरुजी भले गृहस्थ. बाईंची पेटी, कुलूप कसं तोडायचं, म्हणून त्यांनी पेट्या तशाच ठेवल्या. तो सबंध चौमासा ती पुस्तकं तिथे कुलपात होती, आणि बाहेर पोरं होती, आणि पाऊस होता. दिवाळीच्या सुट्टीत मी जाऊन कुलूप काढलं. वरच्या थरातल्या पुस्तकांना मिठाचा वास येत होता. वाळवी मात्र लागली नव्हती.

दसऱ्यानंतर एकदा पोचमभाऊ घरी आले. आले ते आत न येता मोरीजवळच्या पायरीवर बसले. स्टेपनीच्या पोकळीत पावसाचं पाणी साचलं होतं. त्यात एक बेडूक राहायला आला होता; तो त्यांच्याकडे बघत होता आणि ते त्याच्याकडे. मी पाणी दिलं. मग विचारलं. चार महिने मी ज्याला त्याला हेच विचारत होते आणि जो तो म्हणत होता, असं मनात आणू नका बाई.

“पोचमभाऊ, मोठी स्टेपनी असती तर?”

त्यांनी पेला खाली ठेवला. “खोटं कायले बोलू, बाई. मोठी असती त चढवली असती अन् संध्याकाळी भामरागडात भात खाल्ला असता त्यानं.”

इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कोणी उत्तर दिलं होतं. मीही पायरीवर बसले.

ते पुढे म्हणाले, “पन मोठी असती त त्याच्यापाशी राह्यली असती का, हे मले सांगता येत नाई.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी सकाळी आलापल्लीले एक जीप उभी होती, चाक फुटून. माह्यी स्टेपनी आधीच दुसऱ्याकडं, ते दुपारी परत आली. मनोहरभाऊ उतरला. सीटमागून ते लहानं चाक काढलं, त्याइले दाखवलं. म्हने, ‘हे तुमच्या कामाचं नाई, भाऊ. मोठं घरी राह्यलं.’ लाज वाटली त्याले. तोंड पायलं म्या त्याचं.”

“मोठी असती तर त्यांना दिली असती?”

“दिली असती. न देऊन कुठी जाते? बायजाबाई त म्हनत होती, आज बसवते याले.” ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोलतो आहोत हे त्यांना उमगलं असावं. मग खाली बघत, जवळजवळ स्वतःशीच त्यांनी वाक्य पुरं केलं. “दिली असती, अन् मंग बसला असता टपरीवर. मागल्या सालावानी. दीड दिवस.”

बेडूक पाण्यात उतरला. मी त्या दीड दिवसाकडे बघत राहिले. बायजाबाईच्या बाकावर तो बसला असता. चहा पीत, टोमणे खात, दुपट्ट्यानं वारा घेत. मला राग आला असता. गुरुवारी, फार तर शुक्रवारी, कोपरांपर्यंत काळे हात घेऊन तो उशिरा घरी आला असता.

तो उशीर टाळण्यासाठीच तर मी ते चाक निवडलं होतं.

“मागल्या साली कोणाला दिली होती त्यांनी?” मी विचारलं. हे मी मनोहरला कधीच विचारलं नव्हतं.

पोचमभाऊंनी दुपट्टा तोंडावरून फिरवला. “मलेच. तुम्ही दवाखान्यात हाये हे मालूम नव्हतं, बाई. ना मले, ना त्याले.”

“गाडीत काय होतं तुमच्या?”

मला वाटलं, कोणी आजारी असेल, कोणी अडलेली बाई असेल. असं काही असतं तर मला ते हवं होतं.

“काई नाई,” ते म्हणाले. “मिरचीची पोती.”

त्यांना खोटं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत, म्हणून त्या माणसाविषयी माझ्या मनात फार आदर आहे. मी आत गेले आणि चहा ठेवला. परत आले तेव्हा त्यांनी स्टेपनी आडवी करून पाणी काढून टाकलं होतं, बेडकाला मोरीच्या कडेला सोडलं होतं आणि रबराला भेगा पडल्या आहेत का ते अंगठ्यानं दाबून बघत होते.

“चाक चांगलं हाये,” ते म्हणाले. “हवा भरली की चालंन.”

“घेऊन जा,” मी म्हटलं. “बायजाबाईच्या टपरीवर ठेवा. ज्याचं अडेल त्याला द्या. वाट पाहत कोणी बसायला नको.”

“नाव कोनाचं लिवू?”

“नाव नको.”

त्यांनी लिहिलंच. पुढच्या उन्हाळ्यात मी आलापल्लीला उतरले तर टपरीच्या खांबाला टेकून ती उभी होती आणि डिस्कवर पांढऱ्या रंगानं वेडंवाकडं ‘मनोहर’ असं होतं. मी एस.टी.तून उतरून तिथे उभी राहिले. काय करायचं असतं अशा वेळी, मला माहीत नव्हतं. बायजाबाईनं मला बाकावर बसवलं. तिनं ना डोळे पुसले, ना सांत्वन केलं. चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “दोन दिवसानं आज आला मनोहर. सिरोंच्याले गेला होता. ठरत नाई एका जागी.”

गाडीवाले चाकाला असंच म्हणायचे. मनोहर दे. मनोहर कुठी हाये? मनोहर ताडगावले गेला. पहिल्यांदा ते ऐकून मी पदराचा बोळा तोंडात धरला. दुसऱ्या उन्हाळ्यात गेले तेव्हा तो जागेवर नव्हता. पेरमिलीच्या पुढे कोणाचं तरी चाक फुटलं होतं. मी बाकावर बसून वाट पाहिली. दुपार टळली, ऊन टपरीच्या तट्ट्यातून ठिपक्यांनी आत आलं, बायजाबाईनं भात वाढला. शेवटची एस.टी. निघेपर्यंत मी बसले होते. चाक आलं नाही. परतताना मला जाणवलं की त्या दिवशी मला राग आलेला नव्हता. वाट पाहता येत होती. हे मला तीन वर्षांपूर्वी, दवाखान्यात, भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना यायला हवं होतं.

मी अजून वाचते. माणसं पुस्तकांकडे वळतात ती शहाणपणासाठी, असं मुलांना सांगते. पण मला आता प्रत्येक पानावर दिसतं ते लिहिणाऱ्याचं गाव. त्या इंग्रजी लेखाचं गाव निराळं होतं. तिथे रस्ते काळे होते, गॅरेज जवळ होतं, आणि कोणी कोणाला चाक मागत नव्हतं. त्या गावात तो लेख खरा होता. मी तो उचलून पेरमिलीच्या रस्त्यावर नेला. तिथलं शहाणपण मला सातवी शिकलेल्या माणसानं पेन्सिलीनं लिहून दिलं होतं. तीन शब्दांचं. मी त्यावर रेघ मारली. आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. एवढी मोठी चूक मी दुसऱ्या कुठल्या पानावर केलेली नाही.

गेल्या आठवड्यात पोचमभाऊ चंद्रपूरला आले होते. म्हणाले, मनोहरचं टायर पार गुळगुळीत झालं, तार दिसायला लागली, म्हणून गाडीवाल्यांनी ते काढलं आणि त्याच डिस्कवर दुसरं चढवलं. जुनं टायर बायजाबाईनं टपरीच्या मागे ठेवलं आहे; त्यात तिची कोंबडी अंड्यांवर बसते. ट्यूब आधीच बदलली होती. नावाचा पांढरा रंग उडाला होता, तो त्यांनी पुन्हा भरला.

पिकअप मी विकली. लहान चाक नाल्यातच राहिलं. पेट्या भामरागडला आहेत, उघड्या. अंगणात मोरीजवळच्या भिंतीवर चाक टेकायचं त्या जागी अर्धवर्तुळाचा काळा डाग आहे. दोनदा चुना दिला तरी तो वर येतो. वहीचं ते पान माझ्याकडे आहे. पेन्सिलीची ओळ पुसट झाली आहे आणि माझी रेघ तिच्यावरून गेली आहे. ओळ वाचता येते.